अर्पानेट अणुयुद्धासाठी नव्हतं

'अणुबॉम्ब पडला तरी संदेश पोचावेत म्हणून अमेरिकेने इंटरनेट बनवलं' हा मजकूर पुन्हा फिरतोय. तो चुकीचा आहे. इंटरनेटची सुरुवात ज्या संगणकांच्या जाळ्यापासून झाली, ते अर्पानेट. अणुहल्ल्यात तग धरणाऱ्या जाळ्याचा अभ्यास रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पॉल बॅरन यांचा. गोंधळ तिथूनच होतो. त्यांच्या कल्पना अर्पानेटला पुढे उपयोगी पडल्या, पण अर्पानेटची गरज निराळी होती.

पेंटॅगॉनमध्ये, अर्पा या संरक्षण खात्याच्या संशोधन विभागातल्या बॉब टेलर यांच्याकडे तीन टर्मिनल (दूरच्या संगणकाला जोडलेली यंत्रं) होती: एक एमआयटीच्या संगणकाचं, एक बर्कलीचं, एक सांता मोनिकाचं. प्रत्येकाची आज्ञावली वेगळी. एकावरचं काम दुसऱ्याशी जोडायचं तर उठून शेजारच्या टर्मिनलवर बसायचं! महागडे संगणक संशोधकांना दुरून, वाटून वापरता यावेत म्हणून टेलर यांनी १९६६ मध्ये अर्पानेटसाठी निधी मिळवला. पैसा संरक्षण खात्याचा होता, एवढं मात्र खरं.