‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कांद्याचे लिलाव बंद पडले की निफाड तालुक्यात काय काय ठप्प होतं, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. कुणाला शोधत बसायला नको म्हणून सारांश इथेच देतो: ‘नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसून शेतीच्या नावाने गळे काढू नका. राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम बारा टक्के. निम्मे लोक तिथे अडकून पडलेत हेच तर दुखणं आहे, त्याचं कौतुक कसलं? शिवाय लेखात शेतमजूर बायका कुठेच नाहीत आणि उसाच्या पाण्यावर तुम्ही सोयीस्कर गप्प.’

आधी एक मान्य करतो. ‘निम्मा महाराष्ट्र शेतीवर जगतो’ हे माझं वाक्य सैल होतं. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी साधारण ५३ टक्के लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते, एकूण लोकसंख्येपैकी नव्हे. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता ‘गळे काढणं’. साहेब, गळा मयताला काढतात. मी बाजाराबद्दल लिहिलं होतं, आणि लेखात एकही आसू नव्हता; पुन्हा वाचून बघा. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा, पण समोरच्याला आधी रडका ठरवायचं आणि मग आकडा फेकायचा, ही कुठली स्पष्टवक्तेगिरी?

आणि हो, राहतो मी फ्लॅटमध्ये. पाथर्डी फाट्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. पण त्याचे सुरुवातीचे पैसे कुठून आले ते ऐका. २०१९ च्या डिसेंबरात लाल कांदा कधी नव्हे एवढा चढला होता. वडिलांनी चार ट्रॉल्या विकल्या आणि ते पैसे शेतात न घालता मला दिले. बँकेचं कर्ज त्यानंतरचं. सरकारी हिशोबात माझी इमारत बांधकाम क्षेत्रात मोडते. तिच्या पायात कांदा आहे, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तुमच्या बारा टक्क्यांचं हेच आहे. आकडा चूक नाही, पण तो शेताच्या बांधावर थांबतो. ऊस शेतीत धरतात, त्याची साखर झाली की ती कारखानदारीत जाते. कांदा शेतीत, पण तो लासलगावहून नेणारा ट्रक वाहतुकीत, व्यापाऱ्याची कमाई व्यापारात. सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले तेव्हा मी तिकडेच होतो. बाजार समितीच्या आवाराबाहेरचा पंक्चरवाला दुकानाच्या पायरीवर दुपारभर झोपलेला पाहिला. तो तुमच्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांतला माणूस.

दुसरं. २०२०-२१ चा राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल काढून बघा. टाळेबंदीच्या त्या वर्षात राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आकसेल असा अंदाज होता, उद्योग आणि सेवा दोन्ही खाली, आणि शेती मात्र ११.७ टक्क्यांनी वर. तेव्हा तुमच्या दारात भाजीची पिशवी येत होती ना? सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतली असेल, पण घेतलीत.

तुम्ही म्हणाल, एका चांगल्या वर्षाचं काय सांगता. बरं, वाईट वर्षाचं सांगतो. फेब्रुवारी २०२३ ची एक पट्टी, म्हणजे कांदा विकल्याची हिशोबाची पावती, माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. १९ क्विंटल ६० किलो, भाव ४५०. झाले ८,८२०. हमाली, तोलाई वगैरे २४० वजा जाऊन हातात ८,५८०. पट्टीच्या मागे वडिलांनी पेनने लिहिलंय: ‘काढणी मजुरी ९,०००, ट्रॅक्टर १,८००.’ बेरीज केलेली नाही. त्यांना गणित येतं, तरी केलेली नाही. पुढे शासनाने क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान दिलं. तुमच्यासारखे त्याला फुकटची खिरापत म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आणि डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी आली. शहरातल्या ताटात कांदा स्वस्त राहावा म्हणून कुणाच्या चाळीतला, म्हणजे साठवणीच्या शेडमधला, कांदा सडला? चाळीत सडलेल्या कांद्याचं पाणी पायावर सांडलं तर वास दोन दिवस जात नाही. मी लहानपणी तसाच शाळेत गेलोय. बारा टक्के मला शिकवू नका.

शेतमजूर बायकांचा मुद्दा घेतला तर लेख दुप्पट झाला असता. त्यांच्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी. उसाच्या पाण्याचं म्हणाल, तर लेख कांद्याचा होता. शेतीवर लिहिलं की प्रत्येक वेळी ऊस मध्ये आणायचाच, असा नियम आहे का?

‘लोकांना शेतीतून बाहेर काढा’ हे सगळेच म्हणतात. काढून कुठे ठेवायचं ते कुणी सांगत नाही. तुम्हीही नाही सांगितलंत.

तुमची प्रतिक्रिया थोरल्या भावाला फोनवर वाचून दाखवली. शेती तोच बघतो. वाटलं होतं, चिडेल. म्हणाला, ‘मग खोटं काय बोलला तो? पोराला यंदा अकरावीला तुझ्याकडंच ठेवणार आहे.’ त्याचं ठीक आहे. सकाळी सहाला पाण्याची पाळी धरणाऱ्याने शेतीला नावं ठेवावीत, त्याला तो हक्क आहे. तुम्हाला कुणी दिला?

आणि पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाका. टोपणनावाची यापुढे प्रसिद्ध करणार नाही.