"गाडी कधी उघडलीय का?" या प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या हिरो होंडा मोटरसायकलींना कारचं ऑइल नको, डब्यावर जासो एमए (जासो म्हणजे ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं घालावं, असं मी लिहिलं, त्यावर अकोल्याच्या एका दादांची कमेंट आली. आहे तशी देतो: "गाडी कधी हातानं उघडलीय का, का डब्यावरचं वाचून फेकताय? स्प्लेंडर आली तेव्हा जासो वगैरे काही नव्हतं, आमचा मेकॅनिक पहिल्यापासून कारचंच ऑइल टाकतो, काय झालं नाही. इकडच्या उन्हात ट्वेंटी फिफ्टीच लागतं. तुमचं महागडं ऑइल तुम्हीच घाला."

दादा, महाग पडतं हे मान्य. सिंथेटिकच घ्या असं मी कुठंच म्हटलं नव्हतं, जासो एमए लिहिलेलं साधं मिनरल चालतं, पण तेही गल्लीतल्या सुट्या ऑइलपेक्षा महाग आहे, हे तुमचं बरोबर.

पण "फेकताय" म्हणजे काय हो? न पटलं तर न पटलं म्हणा, मुद्दा सांगा, मी उत्तर देतो. अनोळखी माणसाला एकदम फेकू ठरवायचं ही कुठली पद्धत?

आणि विचारलंच आहे तर सांगतो. माझ्या मामाचं इस्लामपूरला गॅरेज होतं आणि शाळेच्या, पुढं कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या माझ्या तिथं गेल्या. सीडी हंड्रेड आणि स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतो, एक जाळी असते आणि उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारा रोटर असतो, ऑइलमधली घाण गरगर फिरून त्याच्या कडेला चिकटते. तो रोटर साफ करायचं काम माझं होतं. त्याचे स्क्रू आधीच कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरनं गोल करून ठेवलेले असायचे, मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडी मारून काढायचे, आणि झाकण निघालं की आत काळ्या लोण्यासारखा थर, तो काडीनं खरवडायचा, मग पेट्रोलनं पुसायचा. नुसतं वरून ऑइल बदलून ही घाण निघत नाही, कव्हर खोलावंच लागतं. तेव्हा गाडी उघडलीय का हे मला विचारू नका. किती मालक ते कव्हर उघडायला सांगतात ते तुमच्या मेकॅनिकलाच विचारा.

आता जासो. स्प्लेंडर 1994 ची, जासोचं मोटरसायकल ऑइलचं टी 903 हे मानक 1998 चं, म्हणजे तुमचं वाक्य खरं आहे, पण त्यातून तुम्ही काढताय ते खरं नाही. आधी कारचं ऑइल आणि मोटरसायकलचं ऑइल यात फारसा फरक नव्हता, म्हणून तुमच्या मेकॅनिकचं तेव्हा निभावलं. नंतर कारवाल्यांना मायलेज वाढवायचं होतं म्हणून त्यांच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं यायला लागली. कारचा क्लच कोरडा, त्याला काय फरक पडतो? आपल्या गाडीचा क्लच मात्र त्याच ऑइलात बुडालेला, त्याच्या प्लेटा घर्षणावरच पकडतात, आणि इंजिन, गिअर, क्लच सगळ्यांना एकच ऑइल. म्हणून तर ते मानक काढावं लागलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालेल एवढी पकड असलेलं, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, गिअरवाल्या मोटरसायकलला ते घालायचं नाही. गाडी जुनी असली तरी आज दुकानात मिळणारं ऑइल आजचंच असतं ना?

आमच्या शेजाऱ्यांच्या स्प्लेंडरमध्ये एका गॅरेजवाल्यानं कारचं फाइव्ह थर्टी (डब्यावर 5W-30 लिहिलेलं) ऑइल घातलं, आंबा घाटात चढाला इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी काही पुढं जाईना. क्लच केबलचा फ्री प्ले, म्हणजे ढिल, बरोबर होता, तो मी स्वतः बघितला होता. प्लेटा काढल्या तर काचेसारख्या चकचकीत झालेल्या.

ट्वेंटी फिफ्टीबद्दल (डब्यावर 20W-50) एवढंच सांगतो की पल्सरसारख्या गाडीला ते कंपनीच सांगते, तिचं इंजिन वेगळं. यातला दुसरा आकडा म्हणजे इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहतं ते. शंभर अंशाला स्प्लेंडरला चालणाऱ्या थर्टी ग्रेडचा जाडपणा (व्हिस्कॉसिटी, सेंटीस्टोकमध्ये) 9.3 ते 12.5, फिफ्टीचा 16.3 पासून पुढं, म्हणजे बरंच जाड, गार असताना तर आणखी जाड, म्हणून सकाळच्या पहिल्या किकला वर हेडमध्ये कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) ते पोचायला उशीर लागतो. टॅपेटचा आवाज जाड ऑइलनं दबतो, झीज थांबत नाही. धूर मारणाऱ्या, पिस्टनच्या रिंगा गेलेल्या गाडीला काम निघेपर्यंत घातलं तर माझी हरकत नाही. विदर्भातल्या उन्हाचा विषय इथं नको, तो वेगळा लिहीन.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, तशीच ठेवलीय. तुमच्या मेकॅनिकच्या डब्यावर पाठीमागं काय लिहिलंय त्याचा फोटो टाका, त्यावर बोलू. "फेकताय" परत लिहिलंत तर मात्र काढून टाकणार, आत्ताच सांगून ठेवतो.