मुक्तिबोध ‘आपले’, पण वाचले कुणी?

हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, हे आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. जन्म १९१७चा, श्योपूरचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले, थोरल्याने हिंदी धरली. कौतुक इथेच संपतं. त्यांची ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता सलग वाचलेला मराठी वाचक मला क्वचितच भेटतो आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुक्तिबोधांची उमेदीची वर्षं नागपुरात गेली. आकाशवाणीची नोकरी, मग ‘नया खून’ साप्ताहिक, घरात पैशाची कायम ओढाताण. ‘अंधेरे में’मधल्या गल्ल्या मला तरी तिथल्याच वाटतात. त्यात मध्यरात्री बँड वाजवत एक मिरवणूक निघते. लष्कर, मंत्री, उद्योगपती, विद्वान, नावाजलेले पत्रकार, कवी, आणि त्यांच्याच रांगेत शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्ताद! दिवसा सभ्यपणे वावरणारी ही माणसं रात्री एकत्र चालतात. कवितेतल्या ‘मी’ने ते पाहिलं, एवढ्यावरून त्याला गोळी घालायला निघतात. पुढे टिळकांचा पुतळा येतो. त्या भव्य कपाळाखाली नाकातून रक्त वाहतंय, कधीपासून कोण जाणे. टिळकांवर आपण ढीगभर लिहिलं, पण इतकं अस्वस्थ करणारं चित्र मला मराठीत दुसरं सापडलेलं नाही.

हे लिहिणाऱ्या माणसाच्या वाट्याला काय आलं? १९५८मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, जरा स्वस्थता आली. तर १९६२मध्ये त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. तो घाव त्यांना फार लागला. ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत गेले, वय अवघं ४६. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह त्यांनी छापलेला पाहिलाच नाही. आजारपणात मित्रांनी धावपळ करून त्याची जुळवाजुळव केली.

मुक्तिबोध दुर्बोध आहेत, ही तक्रार मला पटत नाही. ही कविता लांब आहे, दमवते, पण कुठेही पोकळ नाही. आणि हिंदी काही आपल्याला परकी नाही. मोठ्याने वाचा, अडलं तर तसंच पुढे जा. ज्यांनी वाचलीय त्यांनी खाली जरूर लिहा, टिळकांच्या पुतळ्यापाशी पोचल्यावर तुम्हाला काय वाटलं?