साठ सायकल

टर्नटेबल फुटलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या आठवड्यात ज्याला ज्याला ही गोष्ट सांगायला घेतली त्या प्रत्येकाने "अरेरे, फुटलं का?" असं मोठ्या आशेने विचारलं आणि नाही म्हटल्यावर सगळ्यांचा इंटरेस्टच गेला. आता मलाही वाटतं की फुटलं असतं तर परवडलं असतं, निदान काकांना फोन तरी करावा लागला नसता.

तर, बाबांचं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. 1983 साली मस्कतहून येताना त्यांनी आणलेलं. बाबा गेल्यावर एडिसन, न्यू जर्सी इथून ताईचा फोन आला, "मला बाबांचं काही नको रे, फक्त ते टर्नटेबल दे." घरात नेण्यासारखी तेवढी एकच वस्तू होती हा भाग वेगळा. आणि ते नुसतं द्यायचं नाही, आणून द्यायचं. कुरियरवर ताईचा विश्वास नाही, भावावर आहे. हा असला विश्वास फार महागात पडतो.

पॅकिंगचा मी आठवडाभर अभ्यास केला. टर्नटेबल हे दिसायला दणकट आणि आतून सासरी आलेल्या मावशीसारखं हळवं असतं. जसंच्या तसं उचलून बॅगेत टाकलं की मेलं. आधी प्लॅटर, म्हणजे ती वरची फिरणारी जड थाळी, काढून वेगळी ठेवायची, नाहीतर प्रत्येक धक्क्याला तिचं सगळं वजन खालच्या बेअरिंगवर आदळतं. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, त्याच्या शेपटाला तोल राखायला असलेलं वजन, काउंटरवेट, काढून मोज्यात घालायचं. कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते ती टोकाची कुपी, सुईसकट उतरवून डबीत, मोटरवरून प्लॅटर फिरवणारा बेल्ट झिपच्या पिशवीत आणि आर्म त्याच्या खुंटीला मऊ दोऱ्याने बांधायचा, तारेने नाही. त्या सुईचं टोक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढं असतं आणि ती रेकॉर्डवर दीड-दोन ग्रॅमच्या भाराने टेकते, एवढं नाजूक प्रकरण आहे हे. आमच्या घरात एवढ्या नाजूकपणे आजवर कोणी कोणाशी वागलेलं नाही.

खरं तर हे सगळं ओरिजिनल थर्माकोलच्या खोक्यात व्यवस्थित बसायचं. प्रत्येक पार्टला त्याची त्याची खोबण होती. पण ते खोकं आईने 1991 च्या गणपतीला मखरासाठी घेतलं. बाबा ऑफिसात असताना. संध्याकाळी येऊन बघतात तर प्लॅटरच्या गोल खोबणीच्या मागे दिवा लावून प्रभावळ केलेली. चाळीत आमच्या मखराचं फार कौतुक झालं आणि बाबा पाच दिवस आरतीत फक्त टाळ्या वाजवत होते, तोंड उघडलं नाही. पुढे 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ते म्हणाले, सत्तावीस वर्षं उशिरा आली.

असो. मग मी आईची गोधडी घेतली, खोक्यात खोकं घातलं, मधे दोन इंच कुशन, आणि सांगाडा केबिन बॅगेत भरला. झाकण, ते धुरकट अॅक्रिलिकचं, चेक-इनच्या खोक्यात. शिवाय अमेरिकेत 120 व्होल्ट असतात हे मला माहीत होतं (मी काही अडाणी नाही), म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन 120 चे 230 करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला, साडेतीन किलोचा. दुकानदाराने विचारलं, काय चालवणार? म्हटलं, टर्नटेबल. तो म्हणाला, आरामात चालेल. आता चालेल म्हणजे काय, तेव्हा विचारायला हवं होतं.

पहाटे तीनला सहारला काउंटरवर केबिन बॅग वजनाला लावली. नऊ किलो तीनशे.

"सर, सात अलाउड आहे."

म्हटलं, मॅडम, हे नाजूक आहे. तर म्हणे मग चेक-इन करा, आम्ही फ्रॅजाईलचा टॅग लावतो. त्या टॅगची मला पूर्ण माहिती आहे. त्यावर वाइन ग्लासचं चित्र असतं, आणि ते बघून बॅगा चढवणाऱ्याच्या मनात दया उत्पन्न होते असं ज्याने ठरवलं त्याने कधी बॅगा चढवलेल्या नसाव्यात. माझ्या पुढच्या माणसाची बॅग अकरा किलोची दिसत होती, पण पाठीवर होती म्हणून कोणी वजनच केलं नाही. ऐंशी किलोच्या माणसाला तिकीट एकच आणि साठ किलोच्या मला दोन किलोसाठी हे ऐकून घ्यायचं, यावर कोणीच का बोलत नाही? पण पहाटे तीनला तत्त्वाचं भांडण करायला जी ताकद लागते ती पॅकिंगमधे गेली होती.

"प्लॅटर काढा ना बाहेर," मागून आवाज आला.

मागे एक काका. पंचाहत्तरीचे, हाफ स्वेटर, गळ्यात पासपोर्टची पिशवी, आणि ट्रॉलीवर दोन बॅगा ज्यांच्यावर जाड मार्करने मराठीत आडनाव आणि खाली "भाजणी आहे, उलटी करू नये" असं लिहिलेलं. मुलीकडे चालले होते, तेही एडिसनलाच. बेस्टमधून रिटायर्ड. "बसवाली नाही हो बेस्ट, लाइटवाली. इलेक्ट्रिक सप्लाय. चौतीस वर्षं."

मी नुसतं बरं म्हटलं. या "बरं"ने काय होतं ते मला कळायला हवं होतं.

पुढच्या दहा मिनिटांत काकांनी मला पुढील गोष्टी सुचवल्या. टर्नटेबल कुरमुऱ्यात पॅक करायला हवं होतं, हलकं पडतं आणि तिकडे गेल्यावर भेळ होते. ट्रान्सफॉर्मर मांडीवर घेऊन बसावं. सुई बायकोच्या मंगळसूत्राच्या डबीत ठेवावी. बायको बरोबर नसेल तर डबी तरी आणायची. आणि त्यांची भाजणी दीड किलो जास्त भरत होती, ती मी माझ्या झाकणाच्या खोक्यात सगळीकडून ठासावी, म्हणजे त्यांचं वजन सुटेल आणि माझं झाकण हलणार नाही. मी नाही म्हटलं. दुसऱ्याची पिशवी आपल्या सामानात घ्यायची नाही हे लहानपणापासून शिकवलेलं आहे, ती भाजणी असली तरी. काकांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. अशी माणसं काहीच मनावर घेत नाहीत, त्यामुळे त्यांची तब्येत उत्तम राहते. उलट म्हणाले, आण तो प्लॅटर, माझी हातातली पिशवी चार किलोची आहे. अहोवरून अरेवर येईपर्यंत प्लॅटर आणि रबरी मॅट त्यांच्या कापडी पिशवीत पोळ्यांच्या डब्याशेजारी गेली, काउंटरवाल्या मॅडमने नजरेनेच माझा निरोप घेतला आणि बॅगेचा काटा सातावर आला. आता मी त्यांचा होतो.

सिक्युरिटीला माझी बॅग सरळ निघाली. सांगाडा, वायरी, मोटर, मोज्यातलं लोखंडी वजन, कशाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. थांबवली ती काकांची पिशवी.

"चाचाजी, ये क्या है?"

"थाली है," काका म्हणाले.

"खाने की?"

"गाने की."

जवानाने प्लॅटर हातात घेतला, उलटा केला, खालून बघितला, बोटाने वाजवून बघितला. टण् झालं. छान, लांबलेलं टण्. माझ्या पोटात गोळा आला. मी पुढे होऊन म्हटलं, भाईसाब, वो मेरा है. आता हे वाक्य सिक्युरिटीला म्हणायचं नसतं. दुसऱ्याच्या पिशवीत तुमची वस्तू का, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटायला लागला होता, मी स्वतः त्याच तत्त्वावर भाजणी नाकारून आलो होतो, पण काका सुटले होते.

"ये देखो, किनारे पे टिपके हैं," काका म्हणाले, "दो लाइन. ये पट्टा लगाके घूमती है. आपकी ट्यूबलाइट के नीचे घूमेगी तो ये टिपके खड़े दिखेंगे. हिलेंगे ही नहीं. क्यों?"

जवान म्हणाला, क्यों? (मनुष्यस्वभाव.)

"क्योंकि ट्यूबलाइट चालू-बंद होती है. एक सेकंद में सौ बार. दिखता नहीं, पर होती है. इधर पचास सायकल है ना."

"साइकिल?"

"पचास. उधर साठ है." आणि माझ्याकडे वळून मराठीत, "तिकडे साठ सायकल आहे रे. व्होल्टेजचं करशील तू, सायकलचं काय करणार?"

आता इथे माझी बाजू समजून घ्या. पहाटेचे चार. मागे रांग. काकांनी तासभर आधी नातवाच्या सायकलीचं पुराण सांगितलं होतं, अडीचशे डॉलरची घेतली आणि गॅरेजात पडून आहे वगैरे. मला वाटलं तेच चालू आहे, साठ डॉलरला कुठेतरी मिळते वगैरे. मी म्हटलं, बघू काका, तिकडे गेल्यावर बघू. ते माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिले. मग म्हणाले, "बघ बाबा," आणि कागदावर मुलीकडचा फोन नंबर लिहून दिला. जवानाने प्लॅटर दोन्ही हातांनी, प्रसादाचं ताट द्यावं तसा परत केला. आख्ख्या प्रवासात त्या वस्तूला इतक्या नीट फक्त त्यानेच हाताळलं.

झाकणाची मागची एक बिजागरी उतरल्यावर तुटलेली निघाली. वाइन ग्लासच्या चित्राखालीच. मुंबईत झाकणाच्या खोक्यासाठी माझ्याकडून एका टॅगवर सही घेतली होती की सामान नाजूक आहे हे मला मान्य आहे. हे म्हणजे लग्नात मुलीच्या बापाकडून मुलगी रागीट असल्याची सही घेण्यासारखं. रागाने नंतर वाचून काढलं. 1999 चा माँट्रियल करार म्हणतो की सामानाचं नुकसान झालं तर विमान कंपनी जबाबदार, पण ते सामानाच्याच अंगभूत दोषामुळे झालं असेल तर नाही. म्हणजे काचेचा अंगभूत दोष काच असणं. सात दिवसांत लेखी तक्रार करा असंही आहे. केली. आठ दिवसांत छापील उत्तर आलं, तुमच्या भावना आम्ही समजतो. त्यात बिजागरी हा शब्द कुठेही नव्हता. माझ्या भावना बाराशे रुपयांच्या आहेत, समजून घेण्यासारखं त्यात काही नाही.

ताईच्या घरी जोडणी करायला मला तीन तास लागले. लेव्हल लावली, बेल्ट चढवला, वजन बॅलन्स केलं, ट्रान्सफॉर्मर भिंतीला लावून गुणगुणायला लागला. ताई, भाओजी, दोन भाचे, सगळे सोफ्यावर. ताईचे डोळे आधीच भरलेले. बाबांची आवडती रेकॉर्ड लावली, संथ ख्याल, बाबा रविवारी दाढी करताना लावायचे ती.

बुवा गायला लागले आणि बुवांना विरार फास्ट पकडायची होती.

काळी एकमधे गाणारा माणूस पांढरी तीनच्या आसपास पोचला होता. तबला कुकरच्या शिट्टीसारखा. धाकटा भाचा म्हणाला, मामा, धिस इज सो गुड. ताईचे डोळे कोरडे झाले. मी बेल्ट बघितला, पिच बघितलं, शेवटी लेबलवर कागदाचा कपटा ठेवून घड्याळ लावून फेरे मोजले. तीस सेकंदात वीस. म्हणजे मिनिटाला चाळीस, तेहतीसच्या जागी. आणि तेव्हा, एडिसनच्या त्या कार्पेटवर गुडघ्यावर बसलेलो असताना, मला सायकल कळली.

ती जुनी एसी मोटर व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर; काकांच्या भाषेत सायकल, छापील भाषेत हर्ट्झ. आपल्याकडे 50 हर्ट्झ, तिकडे 60. माझ्या ट्रान्सफॉर्मरने 120 चे 230 इमानेइतबारे केले, साठचे पन्नास करणं त्याचं कामच नाही. घरातल्या प्रत्येक चार्जरवर 50/60 छापलेलं असतं, वाचून वाचून मी असं धरून चाललो होतो की जगात आता तो प्रश्न मिटला. साडेतीन किलो लोखंड मुंबईहून वाहून नेलं आणि प्रश्न टिपक्यांच्या दुसऱ्या ओळीत (एक ओळ पन्नासची, दुसरी साठची), काकांच्या पिशवीत, पोळ्यांशेजारी होता.

ताई म्हणाली, फोन कर ना त्यांना. मी दोन दिवस केला नाही. तिसऱ्या दिवशी धाकट्याने मित्रांना बोलावून "फास्ट अंकल" ऐकवायला सुरुवात केली तेव्हा केला.

काकांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "चाळीस ना?"

मी म्हटलं, "नाही. एकोणचाळीस."

"चाळीसच असणार. पुली बदल. मोटरची पितळी टिकली असते बघ, ती साठची जरा बारीक येते. एक्स्पोर्टच्या काही मॉडेलांबरोबर दोन्ही द्यायचे. पॅकिंगमधेच असेल, थर्माकोलात छोटी खोबण असते." मग जरा थांबून, "भाजणी फुटली रे माझी. बॅगभर."

मी आईला फोन लावला. मुंबईत सकाळ होती, मागे कुकर. म्हटलं, आई, त्या खोक्यात एक छोटी पितळी टिकलीसारखी वस्तू होती का, बटणाएवढी, मधे भोक?

"हो तर," आई म्हणाली. "मखराचा कळस केला होता ना तिचा. किती गोड दिसायचा. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरच्यांना दिलं मी ते मखर, कळसासकट."