कंपनीचा डबा की आपला राउटर: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

घरच्या इंटरनेटसाठी राउटर कसा निवडावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या माणसाने इतकं बारकाईने वाचलं, याचं समाधान वाटलं. तुमचे आक्षेप तीन आहेत. फायबरला मोडेम नसतोच, तरी मी लेखभर ‘मोडेम’ लिहिलं. इंटरनेट कंपनी देते तो डबा पुरेसा असताना वेगळा राउटर घ्यायला सांगून लोकांना दोन-तीन हजारांच्या खर्चात पाडलं. आणि एकाऐवजी दोन डबे लावायला सांगून वयस्कर मंडळींच्या डोक्याला ताप केला. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, दुसरा अर्धा. तिसऱ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे.

‘मोडेम’ हा शब्द चुकलाच, आणि ही चूक नुसती शब्दाची नाही. 2005 साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं तेव्हा तांब्याच्या टेलिफोन तारेवर खरोखर मोडेम, म्हणजे तारेवरच्या सिग्नलचं इंटरनेटमध्ये रूपांतर करणारा डबा, होता. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून एडीएसएलचा (टेलिफोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा) मोडेम आणायचा, व्हीपीआय 0, व्हीसीआय 35 हे लाइनचे ठरलेले आकडे भरायचे, युजरनेम-पासवर्ड टाकायचा, की चालू. फायबरच्या डब्याचं तसं नाही. तो ओएनटी, म्हणजे फायबरमधला प्रकाश घरात इंटरनेटमध्ये बदलणारा डबा. कंपनीच्या टोकाला बसलेलं त्याचं जोडीदार यंत्र, ओएलटी, साधारणपणे फक्त नोंदणी झालेल्या डब्यालाच दाद देतं. बाजारातून दुसरा आणून लावला तर पॉनचा, म्हणजे फायबरची लाइन जुळल्याचं दाखवणारा, दिवा लुकलुकतच राहतो. माझ्या शब्दावर विसंबून कुणी ‘मोडेम’ विकत आणला असता तर त्याचे पैसे पाण्यात गेले असते. लेखात आजच दुरुस्ती केली आहे: फायबरचा डबा कंपनीकडूनच घ्यायचा, निवडायचा असतो तो त्यापुढचा राउटर.

आता खर्चाचं. तुमचं घर दोन खोल्यांचं, प्लॅन 50 एमबीपीएसचा, वापरणारी माणसं दोन. तुम्ही काहीही विकत घेऊ नका. डबा टीव्हीच्या मागे असेल तर तिथून काढून उघड्यावर, छातीच्या उंचीला लावून घ्या, एवढंच पुरे. माझ्या लेखात हे यायला हवं होतं आणि आलं नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे, खर्च करण्याआधी वेग नेमका कुठे हरवतो ते तपासा, असं मी सांगितलंच नव्हतं. लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडायचा आणि वेग मोजायचा. तिथेच कमी आला तर दोष लाइनचा, डब्याचा किंवा त्या वायरचा. कंपनीत तक्रार करा, नवा राउटर घेऊन फरक पडणार नाही. वायरवर पूर्ण आला आणि आतल्या खोलीत मोबाइलवर आला नाही, तर दोष घरातल्या हवेतला, म्हणजे वायफायचा.

माझ्या घरी हेच झालं होतं. प्लॅन 200 एमबीपीएसचा. डब्याजवळ वायरवर 196 मिळत होते, आतल्या खोलीत 14. फायबर गॅलरीतून हॉलमध्ये येते, म्हणून डबा हॉलच्या कोपऱ्यात, आणि मी काम करते ती खोली दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून. डबा वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) फक्त 2.4 वर चालणारा. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या सोसायटीत खिडकीपाशी उभं राहिलं की शेजारपाजारची वीसेक नावं दिसतात. डबा हलवायचा तर फायबर नव्याने ओढावी लागली असती, आणि ती तीव्र वळवली की प्रकाश गळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून डबा जागेवर ठेवला, पंधरा मीटर कॅट 6 (नेटवर्कची) वायर पॅसेजपर्यंत नेली आणि तिथे 5 गिगाहर्ट्झचा राउटर लावला. आता आतल्या खोलीत 150 च्या आसपास मिळतात. हा वेग वाढला तो मुख्यतः जागेमुळे. दुकानदार अँटेना मोजून दाखवतात, पण चार अँटेनांचा राउटर हॉलच्या त्याच कोपऱ्यात ठेवला असता तर माझ्या खोलीला त्याचा फारसा उपयोग नव्हता.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दलही लिहायचं राहिलं होतं. ‘एसी 1200’ म्हणजे 1200 चा वेग नव्हे. 2.4 वरचे 300 आणि 5 वरचे 867, अशी बेरीज करून वर ढकललेला तो आकडा आहे. आणि असे कित्येक राउटर आहेत ज्यांचं मागचं पोर्टच, म्हणजे वायर जोडायची जागाच, 100 एमबीपीएसची असते! 200 चा प्लॅन घेणाऱ्याने तो आणला की निम्मा वेग दारातच अडतो. खोक्यावर ‘गिगाबिट’ किंवा 10/100/1000 लिहिलेलं पाहूनच घ्यावा. वायरचंही तसंच: गिगाबिटला आठही तारा लागतात. वायरमनने टोकाच्या पिनेत चारच बसवल्या (क्रिंप केल्या) तर चांगल्यात चांगला राउटरसुद्धा 100 वर थांबतो.

तिसरा आक्षेप वयस्कर लोकांचा. काका, आपला राउटर असावा असं मला वाटलं ते माझ्या आईमुळेच. तिच्या घरी आधीची सेवा वारंवार बंद पडायची, म्हणून आम्ही कंपनी बदलली. जुना डबा गेला, नवा आला, वायफायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला. टीव्ही बंद, दारावरचा कॅमेरा बंद, दोघांचे फोन बंद. ते एकेक जोडायला मला सुट्टी काढून जावं लागलं आणि मधले तीन दिवस ती व्हिडिओ कॉलशिवाय राहिली. आता तिथे स्वतःचा राउटर आहे. गेल्या वर्षी पुन्हा कंपनी बदलली, तंत्रज्ञाने नव्या डब्यातून आलेली वायर राउटरला जोडली, मी फोनवर त्याला सेटिंग सांगितलं, आणि नाव-पासवर्ड तेच राहिल्यामुळे आईला काही करावं लागलं नाही.

कंपनीचा डबा काढून टाका, असं मी म्हटलेलं नाही. तो ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता नुसतं इंटरनेट पुढे देण्यावर, टाकून मिळाला तर उत्तम. कंपनी नाही म्हणाली तर आपला राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे फक्त वायफाय देण्यापुरता, ठेवायचा आणि डब्याचं वायफाय बंद करायचं. दोन्ही डबे राउटरचं काम करू लागले की बाहेरून कॅमेरा पाहण्यासारख्या गोष्टी अडू शकतात. आणि डब्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. 2016 साली मिराई नावाचा मालवेअर (घातक प्रोग्राम) असे न बदललेले पासवर्ड वापरूनच जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला होता.

दोन डब्यांची एक अडचण मात्र खरी आहे, ती म्हणजे वीज. एक्सचेंजमधून 48 व्होल्ट यायचे, म्हणून वीज गेली तरी जुना फोन वाजायचा. फायबरमधून वीज येत नाही. दोन्ही डब्यांना बॅकअप हवा. छोटा यूपीएस घेताना दोन्ही अॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अॅम्पियर वाचून घ्या. एकाला 12 आणि दुसऱ्याला 9 व्होल्ट लागतात असंही असतं. तुमच्याकडे डबा एकच आहे, तेव्हा राउटरसाठी ठेवलेले पैसे या यूपीएसवर घाला.

वायरवरचा आणि आतल्या खोलीतला, असे दोन आकडे मोजून इथेच लिहा. आतला फारच कमी आला तर डबा कुठे हलवायचा ते आपण मिळून ठरवू.