एक इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही ओ

नाईट शिफ्ट करून घरी आलो, जरा डोळा लागतोय तोच मावशीचा फोन, "अरे विमानाचं इंजिन हवेत बंद पडलंय म्हणे, टीव्हीवर दाखवतायत, तू बरा आहेस ना?" अगं मावशी मी जमिनीवर असतो, मी विमानं दुरुस्त करतो, उडवत नाही! टीव्ही लावला तर लाल पट्टी, 'हवेत थरार', 'प्रवाशांचा जीव टांगणीला', मागे ते ढॅण ढॅण म्युझिक, आणि व्हिडिओ कुठला तर अमेरिकेतला, फेब्रुवारी २०२१ चा, डेन्व्हरच्या त्या बोइंग ७७७ विमानाचा, ज्यात खिडकीतून जळतं इंजिन दिसतं. तेही विमान सगळ्या लोकांसकट सुखरूप उतरलं होतं, पण ते सांगितलं तर थरार कसला उरणार, नाही का.

दोन इंजिनांचं विमान बनवतानाच हिशोब असा असतो की धावपट्टीवर ठरलेल्या वेगाच्या पुढे गेल्यावर एक इंजिन गेलं तरी दुसऱ्यावर उडायचं, चढायचं आणि परत येऊन उतरायचं. पायलट लोक सिम्युलेटरमध्ये हेच घोकत असतात. १६ जुलै २०२५ ला दिल्ली-गोवा विमान एका इंजिनावर मुंबईत उतरवलं, पायलटने 'पॅन पॅन' दिला होता, म्हणजे अडचण आहे, मदत लागेल, पण जिवावर बेतलेलं नाही. जिवावर बेतलं की 'मेडे' देतात. एवढा फरक कळायला काय डॉक्टरेट लागते का रे?

आणि नंतर काय सापडलं हे कोणी विचारत नाही. रात्री तीन वाजता आम्ही करंगळीपेक्षा बारीक बोरोस्कोप, म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली नळी, इंजिनात घालून बसतो, एक जण हळूहळू रोटर, म्हणजे इंजिनाचा फिरता भाग, फिरवतो, दुसरा स्क्रीनवर एकेक ब्लेड बघतो, कुठे खरचटलंय का, ते मिलिमीटरच्या हिशोबात मोजतो, पाठ धरते. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या इंजिनांमध्ये धातूच्या पावडरमध्येच खोट निघाली म्हणून २०२३ पासून आपल्याकडची किती एअरबस निओ विमानं इंजिनाविना उभी राहिली, ती बातमी व्यापाराच्या पानावर कोपऱ्यात. उभ्या विमानाला धूर नाही ना येत!

पण खरं डोकं फिरलं ते अहमदाबादच्या एअर इंडिया विमान अपघाताच्या वेळी. १२ जून २०२५, २६० माणसं गेली, आणि संध्याकाळपर्यंत स्टुडिओत निकाल तयार, आधी पक्षी, मग फ्लॅप (पंखाच्या मागच्या पट्ट्या), मग घातपात. महिन्याने प्राथमिक अहवाल आला, त्यात म्हटलंय विमानाच्या वाटेत लक्षात येण्यासारखे पक्षी दिसले नाहीत, आणि दोन्ही इंजिनांचे फ्युएल स्विच, म्हणजे इंधन चालू-बंद करणारे, सेकंदाभराच्या अंतराने 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'ला (बंद) गेले. का गेले ते लिहिलेलं नाही. एक पायलट विचारतो का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं, कोणता आवाज कोणाचा तेही लिहिलेलं नाही. तो स्विच आधी उचलावा लागतो, मग सरकवावा लागतो, नुसता धक्का लागून पडेल असा नाही, त्यामुळे प्रश्न गंभीर आहे हे मलाही कळतं की. पण या चॅनेलवाल्यांनी अहवाल आला त्याच दिवशी कॅप्टनला गुन्हेगार ठरवून टाकलं, फोटोसकट! त्या कॅप्टनचे म्हातारे वडील इथे पवईत असतात, त्यांनी टीव्ही लावला असेल तर काय बघितलं असेल हो? आणि दहा ते चौदा सेकंदांनी ते स्विच एकेक करून परत रनवर टाकले होते, इंजिनं पुन्हा पेटवायची धडपड चालली होती, ही ओळ अहवालातच आहे, ती वाचायला कोणाला वेळ नव्हता.

झोपेचं तर खोबरं झालंच. चहा टाकला आणि फोन बघितला, तर मावशीने तोच डेन्व्हरचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलाय, खाली 'आताच घडलेली घटना', आणि काकांनी त्यावर अकरा हात जोडलेत.