केजच्या दादांच्या प्रतिक्रियेला उत्तर: अंदाज वेगळा, इशारा वेगळा

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की अंदाज ऐकून जूनमध्ये पेरलं, पावसानं ताण दिला, दुबार पेरणी करावी लागली, मग माझ्या लेखातली दुष्काळाची पूर्वसूचना घेऊन करायचं काय, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. राग पटतो. बियाण्याच्या बॅगा दोनदा आमच्याही घरी आल्यात.

पण मी पाऊस कधी पडणार याबद्दल लिहिलंच नव्हतं. पडून गेलेल्या पावसाचं पाणी कुठवर पुरंल, हे मी म्हणत होतो, आणि ते मोजता येतं. पूर रात्रीतून येतो, दुष्काळाला यायला सात-आठ महिने लागतात, आणि तो येताना दिसतो.

२०१५चंच बघा. मराठवाड्यात सरासरीपेक्षा ४० टक्के पाऊस कमी, त्याच्या आदल्या वर्षी ४२ टक्के कमी. मांजरा धरण तर तुमच्याच तालुक्यात, धनेगावला. पावसाळा संपला तेव्हा त्यात किती पाणी उरलंय हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असंल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते थेट एप्रिल २०१६ मध्ये, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. मधले सहा महिने कुठं गेले? त्या सहा महिन्यांत ऊस उभा होता, गाळप चालू होतं, बोअर पाचशे-सहाशे फुटांवर चालले होते. माझं सगळं म्हणणं या सहा महिन्यांबद्दल आहे.

आपल्या जमिनीखाली काळा पाषाण. पाणी मावतं ते वरच्या मुरमात नाहीतर फटींत, म्हणजे साठा मुळात थोडा. म्हणून पावसाळ्याअखेर विहिरीची पातळी बघितली की उन्हाळा कळतो. भूजल सर्वेक्षणवाले हेच करतात, ठरलेल्या विहिरी मोजतात, मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडतात आणि कुठल्या गावाला ऑक्टोबरपासूनच टंचाई, कुठं जानेवारीपासून, कुठं एप्रिलपासून, हे काढतात. पण तो कागद गावातल्या पारावर येत नाही, आणि पेरायचं काय हे तर तिथंच ठरतं. माझे वडील दसऱ्याच्या आसपास विहिरीत दोर सोडायचे, चार परस (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) पाणी भरलं तर गहू, दोनच भरलं तर हरभरा नाहीतर ज्वारी, वाद नाही. त्यांना कुणी पूर्वसूचना हा शब्द सांगितला नव्हता.

आणि उशीर झाला की काय होतं तेही सांगतो. एका वर्षी आमच्या गावानं जानेवारीत टँकरचा प्रस्ताव दिला, टँकर आला एप्रिल संपताना, तोवर आई पहाटे चारला घागर घेऊन दीड किलोमीटरवरच्या शेतातल्या बोअरवर जायची. आणि त्याच वर्षी दिवाळीत चांगल्या भावानं गेली असती ती बैलजोडी चाऱ्यावाचून मे महिन्यात पडत्या भावात द्यावी लागली, वडील बाजारातून आले ते जेवले नाहीत.

तुमचा एक मुद्दा मात्र मला लेखात घ्यायला हवा होता, तो राहिला. कमी पाणी आहे हे कळूनही माणूस ऊसच लावतो, कारण उसाला कारखाना आहे, हमखास पैसा आहे, आणि ज्वारी-करडई घेऊन आडतीवर गेलं की भाव पाडतात. हे खरंय. नुसता इशारा देऊन भागणार नाही, कमी पाण्याच्या पिकाची खरेदीही त्याच महिन्यात जाहीर झाली पाहिजे, नाहीतर ऐकणारा तरी काय करणार.

यंदा सप्टेंबरअखेर आम्ही चौघंजण गावातल्या दहा विहिरी मोजणार आहोत आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावणार आहोत. तुमच्याकडं जमलं तर तुम्हीही मोजा, आणि त्याआधी एवढं कळवा की तुमच्या विहिरीत आज किती परस पाणी आहे.